ट्यूमर मार्करचा आकडा म्हणजे आयुष्याची मुदत नव्हे

"डॉक्टर, सीईए खूप वाढलाय. आता किती महिने?" रक्ताचा रिपोर्ट हातात पडला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न हाच असतो. काही जण तर तेवढ्यावरून ऑपरेशनच नको म्हणतात. ही घाई करू नका.

उदाहरण म्हणून स्यूडोमिक्सोमा पेरिटोनी हा दुर्मिळ आजार घ्या. दरवर्षी दहा लाखांत साधारण एक-दोन जणांना तो होतो. बहुतेक वेळा सुरुवात अपेंडिक्समधल्या गाठीपासून होते. ती फुटली की जेलीसारखा चिकट पदार्थ पोटाच्या आतल्या आवरणावर पसरतो आणि पोट हळूहळू फुगत जाते.

या आजारात सीईए, सीए १९-९ आणि सीए १२५ या तीन तपासण्या करतात. ऑपरेशनपूर्वी तिन्ही नॉर्मल असतील तर पुढचा काळ सहसा बरा जातो. वाढलेल्या असतील तर आजार उलटण्याची शक्यता जास्त असते. पण हा अनेक रुग्णांच्या अनुभवातून काढलेला अंदाज आहे. तुमच्या एकट्याचे भविष्य त्यात लिहिलेले नाही.

शिवाय आकडा इतर कारणांनीही वाढतो. धूम्रपानाने सीईए वाढतो, पित्तनलिका अडली की सीए १९-९ वाढतो. सीए १२५ तर मासिक पाळी, एन्डोमेट्रिओसिस आणि पोटाचा क्षयरोग यांतही वाढतो. उलट काही लोकांच्या शरीरात सीए १९-९ जन्मतःच तयार होत नाही. त्यांचा नॉर्मल रिपोर्ट खोटा दिलासा देऊ शकतो.

मार्करपेक्षा जास्त महत्त्वाच्या गोष्टी तीन: बायोप्सीत गाठ किती आक्रमक दिसते, आजार पोटात किती पसरला आहे आणि ऑपरेशनमध्ये तो पूर्ण काढता येतो का. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, केवळ मार्कर वाढला म्हणून उपचार नाकारू नका आणि केवळ तो नॉर्मल आहे म्हणून स्कॅन टाळू नका.

मार्करचा खरा उपयोग उपचारानंतर होतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने तपासणी करा. सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. एका आकड्यापेक्षा तो सतत चढतोय की उतरतोय हे पाहायचे असते. चढत असेल तर न घाबरता, पण वेळही न घालवता, आपल्या कर्करोगतज्ज्ञांना भेटा.