दोन बेबी आणि आमच्या मावशी

गेल्या आठवड्यात आमच्या बारामतीच्या फ्लॅटवर मावशींऐवजी त्यांची लेक आली. अकरावीतली. इंदापूरकडच्या गावातून सकाळची एसटी धरून. माझ्या टेबलावर बेबी हालदार यांचं ‘आलो आंधारि’ पडलं होतं. तिनं ते उघडलं आणि मी पटकन म्हणाले, ‘‘अगं, आधी भांडी होऊ देत.’’ घरकाम करणाऱ्या बाईनं लिहिलेलं पुस्तक! नंतर माझी मलाच लाज वाटली.

तेराव्या वर्षाच्या आसपास लग्न झालेली बेबी पुढं तीन मुलांना घेऊन दिल्लीकडं येते आणि घरकाम करते. गुडगावात प्रबोधकुमार या प्रेमचंदांच्या नातवाच्या घरी पुस्तकांवरची धूळ पुसताना ते तिच्या हाती वही-पेन देतात. मूळ बंगालीतलं हे आत्मकथन २००२ मध्ये आधी हिंदीत आलं, मग जगभर गेलं. कादंबरी नसूनही मोठं होण्याची गोष्ट म्हणून ते जबरदस्त आहे.

पण आपण सगळे त्या भल्या मालकावरच फिदा होतो, हे मला खटकतं. आपल्या नीरेपलीकडच्या फलटणच्या बेबीताई कांबळे आठवा. ‘जिणं आमुचं’ त्यांनी दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलं. त्यांना कुणी वही दिली नव्हती. वही देणारा मालक भेटेल, या आशेवर किती पोरींनी बसायचं?

चांगला मालक भेटणं हे नशीब झालं, हक्क नव्हे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा, नोंदणीचं वय १८ ते ६०. बालमजुरीची सरसकट बंदी १४ पर्यंत. म्हणजे मावशींची सोळा वर्षांची लेक बालमजूर नाही आणि घरेलू कामगार म्हणून नोंदवताही येत नाही. कॉलेज वाढलं, एमआयडीसी आली, सोसायट्या उभ्या राहिल्या, आपल्यासारख्यांना डबा-भांड्यांना माणूस लागायला लागलं. या सगळ्या बदलात ती नेमकी मधल्या फटीत मोठी होतेय. आणि आपण ‘मावशी’ म्हटलं की नातं झालं, मग सुट्टी-पगाराचं बोलायलाच नको! (मावशींचं आडनाव आमच्या चौघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं.)

पुस्तक ती घेऊन गेलीय. महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या आम्ही ठरवल्यात. दिवाळीला एक पगार जादा द्यायचा का, यावर मात्र चौघींत अजून भांडण चालू आहे.