फाटकाबाहेरील मतदार

तरुण मतदारांना जागृत करण्याचा विषय निघाला, कीं आमच्या सुशिक्षित मंडळींची नजर कॉलेजकडेच वळते. तेथें व्याख्यान होतें, शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, आणि वक्ते व श्रोते दोघेही कृतकृत्य होऊन घरीं जातात. आमचें सारें आयुष्य कॉलेजांत गेलें. त्या संस्थेची निंदा आमच्याकडून होणें नाहीं. पण तरुण म्हणजे विद्यार्थी, हें समीकरण आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

अलिबागच्या उत्तरेस थळचा किनारा पाहावा. समुद्रांत खांदेरी-उंदेरी, जमिनीवर खतांचा प्रचंड कारखाना, आणि वाळूवर कोळ्यांच्या होड्या. येथला अठरा वर्षांचा मुलगा तांडेलाच्या हाताखालीं समुद्रावर असतो. त्याच्या वयाची मुलगी मासळीची पाटी घेऊन बाजार गांठते. मताधिकाराचें वय एकवीसावरून अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती १९८९ सालीं अमलांत आली. तींत कॉलेजच्या हजेरीपटाचा उल्लेख कोठेंही नाहीं.

‘न शिकलेल्याला मतांतलें काय कळणार?’ हा प्रश्न अद्याप दिवाणखान्यांतून ऐकूं येतो. हा तर परकी राज्यकर्त्यांचाच युक्तिवाद! १९३५ च्या कायद्याखालीं मत मिळे तें मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या मापानें. स्वतंत्र भारताच्या घटनेनें तें माप फेकून दिलें. मात्र त्याचा एक तुकडा आमच्या पदरांत राहिला आहे. विधानपरिषदेसाठीं पदवीधरांचा निराळा मतदारसंघ असून कोंकणांत त्याचें मतदान जून २०२४ मध्यें झालें. म्हणजे ज्याला एक मत जास्त, त्याच्याच दारीं जागृतीचा नैवेद्य! डिझेलवरील कर, बंदरावरील धक्का, मासेमारीबंदीच्या तारखा, सारें सरकार ठरवितें. यांतलें कोळ्याच्या पोराला कळत नाहीं तें कोणतें?

हे तरुण सांपडत नाहींत, ही सबबही खोटी आहे. जून-जुलैंत मासेमारीला बंदी असते. होड्या शाकारलेल्या असतात, जाळीं सांधण्याचें काम चालूं असतें. २०२२ पासून मतदारनोंदणीसाठीं वर्षांतून चार अर्हता-दिनांक धरतात, त्यांतला १ जुलै नेमका या दिवसांत येतो. सतरा वर्षें पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करतां येतो. कॉलेजबाहेरच्यांसाठीं निवडणूक आयोगानें ‘चुनाव पाठशाला’ही योजिल्या आहेत. उणीव आहे ती वाळूंत पाय घालणाऱ्यांची.

नोंदणीपुढें खरी अडचण मतदानाच्या दिवसाची. २०२४ सालीं रायगडांत लोकसभेचें मतदान ७ मे रोजीं, ऐन मासेमारीच्या हंगामांत झालें. नोकरदाराला पगारी सुटी. वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाला कसली सुटी? होडी वेळेवर परतावी म्हणून मच्छीमार सोसायटीशीं व तांडेलांशीं अगोदर बोलावें लागतें, भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्या लागतात. हें घोषवाक्यांच्या स्पर्धेनें होत नाहीं.

पुढल्या १ जुलैपूर्वीं किती प्राध्यापक सहा नंबरचे फॉर्म घेऊन भर पावसांत थळच्या किनाऱ्यावर उतरणार आहेत, त्यांनीं तें आजच जाहीर करावें.