मैदानाची वाट मध्येच का तुटते?

मे २०२३ मध्ये शांघाय येथील जागतिक करंडक तिरंदाजीच्या स्पर्धेत आमच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर याने नेदरलँड्सचा नामांकित धनुर्धर माइक श्लोसर यास १४९ विरुद्ध १४८ अशा एका गुणाने मागे टाकून सुवर्णपदक पटकाविले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदकातही त्याचा वाटा होता. त्यापूर्वी २०१९ साली बुलढाणा पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी चीनमधील चेंगडू येथे जागतिक पोलीस स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले होते. या यशाचे कौतुक जिल्ह्याने मनापासून केले व ते योग्यच झाले. परंतु दोन झाडांस मोहोर आला म्हणून साऱ्या आमराईची निगा उत्तम आहे, असे अनुमान काढणे शहाणपणाचे नव्हे. बारा-तेराव्या वर्षी शाळेच्या मैदानावर चमकणारी किती मुले विसाव्या वर्षी कॉलेजच्या संघात दिसतात, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर समाधानकारक नाही, हे कोणताही क्रीडाशिक्षक सांगू शकेल.

कागदावर पाहावे तर शिडी अखंड आहे. चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील मुलामुलींच्या शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात. तेथून जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य व शेवटी राष्ट्र अशा त्या पायऱ्या आहेत. पुढे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत, आंतरविद्यापीठीय स्पर्धा आहेत, आणि २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या विद्यापीठ स्पर्धाही आहेत. मग मुले गळतात कोठे? आमच्या मते ती दहावी आणि पदवीचा पहिला वर्ग यांमधल्या खिंडीत गळतात.

या खिंडीत काय घडते ते वाचकांस ठाऊकच आहे. नववी संपली की वडील मुलास सांगतात, ‘आता खेळ पुरे.’ दहावीची परीक्षा झाली की अकरावी-बारावीची दोन वर्षे शिकवणी वर्गांच्या हवाली होतात. कोणी अकोल्यास जातो, कोणी लातुरास, कोणी थेट कोट्यास. ज्या वयात शरीरास बळ, दम आणि चपळाई एकदम येते, नेमक्या त्याच वयात मुलगा मैदानावरून उठून बाकावर बसतो. मग तो पदवीच्या वर्गात आला म्हणजे सामन्यांच्या आधी पंधरा दिवस संघ जमवितात, गणवेश वाटतात आणि त्याच्याकडून विजयाची अपेक्षा करतात! दोन वर्षे पाणी न घातलेले रोप पंधरा दिवसांच्या शिंपणाने फळास येत नाही, हे शेतकऱ्यांच्या या जिल्ह्यात सांगावयास नको. शिवाय सुटलेल्या सवयीच्या शरीरावर एकाएकी ताण पडला की गुडघा किंवा खांदा दुखावतो आणि खेळ कायमचाच सुटतो, हे नुकसान निराळेच.

शाळांचा दोष याहून कमी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावा, असेही म्हटले आहे. कायद्याचा शब्द असा स्पष्ट असता, वेळापत्रकातील खेळाचा तास जानेवारी उजाडताच गणितास देऊन टाकण्याचा प्रघात कोणत्या न्यायाने चालतो? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर विषय यांमधील भिंत पाडावी असे सांगितले. ती भिंत आमच्या बहुतेक शाळांत जशीच्या तशी उभी आहे.

कोणी म्हणेल, ‘खेळून पोट भरते काय?’ हा प्रश्न व्यवहारी आहे आणि त्यास व्यवहारी उत्तर दिले पाहिजे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. दहावी-बारावीस सवलतीचे गुण मिळतात. आणि पहाटे आमच्या गावांच्या रस्त्यांवर घामाघूम होऊन धावणारी ती शेकडो मुले कोण? पोलीस भरतीत पुरुषांस १६०० मीटर व स्त्रियांस ८०० मीटर धावावे लागते, त्याची ती तयारी आहे. जे बाराव्या वर्षी मैदानावर, शिक्षकाच्या नजरेखाली सुरू व्हावयास हवे होते, ते ही मुले एकोणिसाव्या वर्षी, मोटारींच्या झोतात, एकटी सुरू करतात.

तथापि खेळाच्या भरवशावर पुस्तक फेकून द्यावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कारण पदक थोड्यांस मिळते, आयुष्य मात्र सर्वांस काढावयाचे असते. अमेरिकेत विद्यापीठीय खेळांचा व्याप प्रचंड आहे; पण तेथेही वरच्या श्रेणीत खेळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास शाळेत सोळा मुख्य अभ्यासक्रम ठराविक गुणांनी पुरे करावे लागतात. आपल्याकडील दाखला पाहावयाचा तर खाशाबा जाधवांचा पाहावा. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसा कमी पडला तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. शाळेने घडवावे, कॉलेजाने पाठीशी उभे राहावे, हाच तो मार्ग होय.

या मार्गावर दोन काटे आहेत, ते उपटले पाहिजेत. पहिला लबाडीचा. वय चोरून मुलास लहान गटात खेळविणे आणि खोटी प्रमाणपत्रे पैदा करणे, हे प्रकार राज्यात उघडकीस आलेले आहेत. असे करणारा पालक किंवा शिक्षक दुसऱ्या एका प्रामाणिक मुलाची जागा चोरतो. त्यास चोरच म्हटले पाहिजे. दुसरा काटा मुलींच्या वाटेवरचा. सातवीपर्यंत खो-खोत पुढे असणारी मुलगी दहावीत घरी का बसते? मैदानाजवळ स्वच्छ शौचालय नाही, सोबतीस शिक्षिका नाही, संध्याकाळी परत यावयास बस नाही, आणि ‘लोक काय म्हणतील’ हा धाक मात्र आहे. यांतील पहिल्या तीन गोष्टी खर्चाने होतात; चौथीस आपलीच हिंमत लागते.

उपाय फार अवघड नाहीत. प्रत्येक तालुक्यातील माध्यमिक शाळांनी नववीतील होतकरू खेळाडूंची यादी करून ती जवळच्या महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकाकडे द्यावी. महाविद्यालयाने आपले मैदान या मुलांस आठवड्यातून तीन दिवस मोकळे करावे. अकरावी-बारावीत रोज एक तास सराव अबाधित राहावा. तेवढ्याने परीक्षा बुडत नाही. आणि संघ सामन्यांपूर्वी पंधरा दिवस नव्हे, तर जून-जुलैतच निवडावा.

पैशाचे म्हणाल तर खामगाव, मलकापूर, चिखली, शेगाव येथील व्यापारी मंडळींस आमची विनंती आहे. बुलढाणे शहरास आगगाडी नाही. विभागीय सामन्यांसाठी अमरावती गाठावयाची तर गरीब मुलाच्या घरी प्रवासखर्चाचाच प्रश्न पडतो. तिरंदाजीचे एक चांगले कंपाउंड धनुष्य काही लाखांच्या घरात जाते. एकेका पेढीने एकेका मुलाचे बूट, खुराक व भाडे पत्करले तरी पुष्कळ काम होईल. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी काढले, ते काही सरकारच्या हुकुमाने नव्हे. त्याच मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन येथे आपले देशी खेळ जगास दाखविले. वऱ्हाडच्या लोकांस हे जमते, याचा हा पुरावा आहे.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकात कंपाउंड धनुष्याच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा प्रथमच समावेश झाला आहे. ज्या प्रकारात आमच्या जिल्ह्याने नाव काढले, त्याचेच दार उघडले आहे. आज नववी-दहावीत असलेली मुले त्या वेळी कॉलेजच्या उंबरठ्यावर असतील. त्यांस मधल्या दोन वर्षांत मैदानावर ठेवावयाचे की तेथून हाकलावयाचे, हे ठरविणे मुलांच्या हाती नाही. ते पालकांच्या, मुख्याध्यापकांच्या व गावातील धनिकांच्या हाती आहे. त्यांनी ते येत्या जूनच्या आत ठरवावे.