अंतर भूगोलाचे, वेळ धोरणाची

जबलपूरच्या डुमना विमानतळापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ८७० किलोमीटर आहे आणि कोलकाता सुमारे ८६०. दिल्ली व हैदराबाद ही दोन्ही शहरे ७०० किलोमीटरच्या आत येतात. देशाच्या इतक्या मध्यावर वसलेल्या शहराला दुर्गम कोण म्हणेल? तरीही येथील प्रवाशाला ‘किती दूर?’ या प्रश्नाचे उत्तर किलोमीटरमध्ये मिळत नाही. थेट विमान असले तर मुंबई सुमारे पावणेदोन तासांवर येते. नसले तर रेल्वेत पंधरा-सोळा तास काढावे लागतात. कोलकात्याला दिल्लीमार्गे जायचे झाल्यास हवाई अंतरच दोन हजार किलोमीटरच्या आसपास जाते. दिल्लीतील खोळंबा वेगळाच.

अंतर भूगोल ठरवतो. वेळ मात्र धोरण ठरवते. जबलपूरच्या इतिहासातच याचा पुरावा आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा लोहमार्ग येथे जोडले गेले. मुंबई-कलकत्ता सलग रेल्वेप्रवास त्यामुळे शक्य झाला. हे केवळ बाजाराच्या बळावर घडले नाही. कंपन्यांच्या भांडवलाला ५ टक्के परताव्याची सरकारी हमी होती. त्या हमीत दोषही होता. परतावा निश्चित असल्याने काटकसरीची निकड उरली नाही आणि तुटीचा भार भारतीय महसुलावर पडला.

आज हा धडा दोन्ही बाजूंनी उपयोगी आहे. जबलपूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले. त्याच वर्षी जूनमध्ये विमानसेवा घटल्याच्या निषेधार्थ नागरिकांनी ‘नो फ्लाइंग डे’ पाळला. इमारत वाढली, उड्डाणे आटली. १९५६ पासून राज्याचे उच्च न्यायालय ज्या शहरात आहे, तेथे ही केवळ व्यापाऱ्यांची गैरसोय राहत नाही. तारखेला पोहोचू पाहणारा पक्षकार आणि मोठ्या शहरात उपचारासाठी निघालेला रुग्ण यांचा एकेक दिवस त्यात खर्ची पडतो.

विमान कंपन्यांनी रिकाम्या आसनांचा तोटा सोसावा, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु २०१६ च्या ‘उडान’ योजनेप्रमाणे मार्गाला तीन वर्षे आर्थिक आधार द्यायचा आणि पुढचे नशिबावर सोडायचे, हेही पुरेसे नाही. राज्याने इंधनावरील करात सवलत द्यावी, पण ती ठरलेल्या मार्गांवरील नियमित सेवेशी बांधलेली असावी. सेवा बंद करण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना बंधनकारक करावी. आणि नव्या टर्मिनलच्या मंजुरीबरोबरच तेथून कोणत्या शहरात किती वेळात पोहोचता येईल, याचे उद्दिष्ट जाहीर करून दरवर्षी त्याचा हिशेब मांडावा. विमानतळाचे यश चौरस मीटरमध्ये मोजणे सोपे असते. प्रवाशाच्या वाचलेल्या तासांत ते मोजले, तरच खर्च सार्थकी लागला की नाही हे कळेल.