उचल आधी, दर मागाहून

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून माळेगाव, सोमेश्वर वा भवानीनगरच्या कारखान्याकडे निघालेली उसाची गाडी दिसली की आपणास साखर आठवते; फार तर ऊस-उत्पादक. फडात कोयता चालविणारे बीडकडचे जोडपे मात्र आठवत नाही. ते कारखान्याचे नोकर नव्हे. टनावर काम करते. त्या टनाचा दर ठरतो तरी केव्हा, हा प्रश्न आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

२०२३-२४ चा हंगाम घ्या. उसाची रास्त व किफायतशीर किंमत केंद्र सरकारने जून २०२३ मध्येच जाहीर केली : क्विंटलला ३१५ रुपये. ती चौदा दिवसांत न दिल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. गाळप नोव्हेंबरात सुरू झाले. तोडणीचा दर २७३ वरून ३६६ रुपयांवर नेणारा करार साखर संघ व कामगार संघटना यांच्यात झाला तो मात्र जानेवारी २०२४ मध्ये! ३४ टक्क्यांची ही वाढ लहान नव्हे, हे आम्ही मान्य करतो. परंतु तोवर दोन महिने ज्यांनी ऊस तोडला, त्यांना आपल्या श्रमाचे मोल ठाऊक नव्हते. त्याआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि बहुधा खर्चही झालेली. अशा माणसाने घासाघीस करावी ती कोणत्या बळावर? दिवसाकाठी दोघांनी दोन टन तोडले, तरी नव्या दराने माणशी ३६६ रुपयेच पडतात. वजन कारखान्याच्या काट्यावर होते, हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो.

तोडणी-वाहतुकीचा खर्च उत्पादकाच्या बिलातूनच कापला जातो. सबब दरवाढीचा बोजा शेतकऱ्यावर पडतो, असे सांगण्यात येते. ते खोटे नाही. मग तो आकडा आगाऊ कळणे शेतकऱ्याच्याही हिताचे नव्हे काय?

आमच्या वाचकांत कामागणिक मोबदला घेणारे अनुवादक, आरेखक, हिशेबनीस पुष्कळ आहेत. 'आधी काम करा, पैशांचे मागाहून पाहू' हे वाक्य त्यांच्या चांगल्या परिचयाचे असेल. त्यांना निदान नकार देऊन घरी बसता येते. उचलीत अडकलेल्यास तेही शक्य नसते.

जानेवारीतील तो करार तीन हंगामांपुरता, २०२५-२६ पर्यंतचा. त्यापुढील प्रत्येक दर उचलीचे वाटप सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावा, आणि वजन व दर नोंदलेली पावती प्रत्येक कोयत्याच्या हाती पडावी. सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या संचालक मंडळांनी एवढे करण्यास सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.