विश्लेषण : हळदीच्या नव्या बेण्याची वाट प्रयोगशाळेतून का जाते?

हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतलाच हळद संशोधन केंद्रही उभे राहत आहे. चर्चा मात्र दर, शिजवणी आणि पॉलिशचीच होते. बेण्याचा प्रश्न मागेच राहतो.

अडचण काय आहे?

हळदीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात, एकूण ६३. त्यामुळे तिला बी सहसा धरत नाही. शेतकरी कंदच लावतो. म्हणजे दरवर्षी त्याच झाडाची नक्कल. कंदकूज आली की सगळे शेत सारखेच दुबळे ठरते. सोयाबीनसारखा संकर करून नवे वाण काढणे इथे फार कठीण.

मग मार्ग कोणता?

डीएनए मुद्दाम तोडणे. क्ष-किरण किंवा गॅमा किरणांनी डीएनएचा धागा तुटतो. झाड तो पुन्हा सांधते आणि सांधताना कधी एखादे अक्षर चुकते. त्या चुकीतून कधी कधी उपयोगी गुण मिळतो. तमिळनाडूची ‘बीएसआर-१’ हळद क्ष-किरणांच्या प्रयोगातूनच आली.

आरएनएचा संबंध काय?

प्रथिनाचा निरोप न वाहणारे अनेक आरएनए पूर्वी बिनकामाचे मानले जात. २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या रोपात वेगळेच दाखवले. डीएनएचे दोन्ही धागे तुटले, की त्या जागेच्या आसपासच्या अक्षरक्रमातून सुमारे २१ ते २४ अक्षरांचे छोटे आरएनए तयार होतात. ते ‘आर्गोनॉट-२’ या प्रथिनाला जोडले जातात. ते तयार होऊ दिले नाहीत, तर दुरुस्ती मंदावते.

‘क्रिस्पर’ तंत्रातही कापायची जागा दाखवतो तो असाच एक आरएनए. कापण्याचे काम प्रथिन करते, सांधण्याचे झाड स्वतः. मे २०२५ मध्ये देशात जाहीर झालेली भाताची दोन जनुक-संपादित वाणे याच तंत्राची.

हिंगोलीने काय करावे?

अरॅबिडॉप्सिस म्हणजे हळद नव्हे, हे खरे. किरणे दिलेल्या हजारो कंदांतले बहुतेक टाकून द्यावे लागतात आणि निवडीला अनेक हंगाम जातात, हेही खरे. पण म्हणूनच सुरुवात आज हवी. भोपाळच्या ‘आयसर’ संस्थेने हळदीचा जनुकीय आराखडा २०२१ मध्येच प्रसिद्ध केला आहे. किरणांची सोय तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे, कृषी विद्यापीठ शेजारी परभणीत आहे.

वसमतच्या केंद्रात प्रक्रिया यंत्रांइतकीच ऊतीसंवर्धन आणि जनुकशास्त्राची प्रयोगशाळा महत्त्वाची मानली पाहिजे. नाहीतर मानांकनाचे नाव नवे आणि बेणे तेच जुने राहील. कंदकूज काही मानांकन पाहून थांबत नाही.