हप्ता वाया जात नाही



‘निरोगी माणसाचा आरोग्य विमा म्हणजे पाण्यात पैसा’ हा लेख दिशाभूल करणारा आहे. मधुमेह्याला आधीच्या आजाराच्या दाव्यासाठी चार वर्षे थांबावे लागते, ही त्यातील माहिती जुनी. विमा नियामकाने २०२४ मध्येच ही प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली. आजार जडण्याआधीच विमा घेतला तर ही प्रतीक्षा लागत नाही, म्हणून विमा लवकर घ्यावा. अनेक पॉलिसींत वार्षिक तपासणी मोफत असते. लक्षणे न दाखवणारा उच्च रक्तदाब तिथेच कळतो. ती तपासणी करून न घेता हप्ता वाया गेला म्हणणे अन्यायाचे आहे. रुग्णालयाच्या खोलीभाड्यावरील मर्यादेची लेखातील तक्रार तेवढी रास्त. पण दावा नाकारल्यास कंपनीकडे तक्रार करून पुढे मुंबई-पुण्यातील विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, हे लेखकाने सांगायलाच हवे होते.

एक विमाधारक, सातारा